धंद्यातली वर्षे कोरी धरू नका

प्रति,
मा. सचिव,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

धंदा सुरू करणाऱ्या तरुणासाठी योजनांची वानवा नाही. 2015 पासून मुद्रा आहे, 2016 पासून स्टार्टअप इंडिया, 2019 पासून आपल्या राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. फीत कापायला सगळे हजर असतात. पण शटर कायमचे खाली ओढून तोच माणूस पस्तिशीत नोकरी शोधू लागला, की अर्जातच अडतो. शेवटची कंपनी कोणती, पगार किती, सॅलरी स्लिपा कुठे, रिलीव्हिंग लेटर कुठे? स्वतःच स्वतःला रिलीव्हिंग लेटर कसे देणार? भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातही त्या काळात भर पडलेली नसते. पडताळणी करणारी एजन्सी ‘गॅप’ असा शेरा मारून मोकळी होते. ही वर्षे कामाचा अनुभव म्हणून धरली जावीत आणि तसा दाखला आपल्या विभागाने द्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

भोसरी-चाकण पट्ट्यात सुट्या भागांचे जॉबवर्क करणारे चार कामगारांचे एखादे युनिट पाहा. मालक ड्रॉइंग वाचतो, कोटेशन काढतो, माल आणतो, कामगाराने दांडी मारली तर स्वतः मशीनवर उभा राहतो. लॉट रिजेक्ट होऊन परत आला तर चूक कुठे झाली ते शोधतो, कारण भुर्दंड त्यालाच बसतो. मोठ्या कारखान्यात या कामांसाठी प्रॉडक्शन, पर्चेस, क्वालिटी असे वेगवेगळे विभाग असतात. मग असे युनिट बुडते कशाने? अनेकदा थकलेल्या बिलांनी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत चुकते करावेत, असे 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. तरी बिले लटकतात, स्टीलवाला मात्र रोखीशिवाय बोलत नाही. ऑर्डर हातात असताना खेळते भांडवल आटते. याला नालायकी म्हणायचे असेल, तर ती बिल थकवणाऱ्याच्या खात्यावर आधी मांडावी लागेल.

उद्या कोणीही उठून ‘माझा धंदा होता’ म्हणेल, हा पहिला आक्षेप. तो रास्त आहे. उद्यम नोंदणी स्वयंघोषणेवर होते, म्हणून तेवढ्यावर दाखला देऊ नये. पण जीएसटी नोंदणी असलेल्याची विवरणपत्रे सरकारदरबारी असतात. नोंदणी रद्द झाल्याचा आदेश आणि अखेरचे विवरणपत्रही असते. जीएसटीच्या मर्यादेखालच्या दुकानदाराचे बँक खाते आणि शॉप अ‍ॅक्टची कागदपत्रे तपासता येतील. कौशल्याच्या बाबतीत तर वाट आधीच पाडलेली आहे: काम करता करता शिकलेल्या गवंड्याला किंवा सुताराला ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’खाली परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळते. गवंड्याला जे मिळते ते युनिट चालवलेल्याला का मिळू नये?

मालकी केलेला माणूस हाताखाली टिकत नाही, पुन्हा संधी दिसली की जातो, असे कंपन्या म्हणतात. काहींच्या बाबतीत ते खरेही ठरेल. पण त्याचा निवाडा मुलाखतीत व्हावा. आज अर्ज चाळणीतच गळतो. (नोकरदार माणूस जास्त पगार दिसला की जातोच, त्याला मात्र करिअर म्हणतात.) कर्जाचा मुद्दा याहून अवघड आहे. बँकांच्या भरतीत कर्जाचा इतिहास पाहिला जातो आणि पैसे हाताळणाऱ्या जागेसाठी ते मी चूक मानत नाही. तोच निकष स्टोअरकीपरला किंवा सुपरवायझरला लावणे मात्र अन्याय आहे. एकल मालकीत धंद्याचे कर्ज आणि घरचे कर्ज कायद्याने एकच. त्यातून रीतसर सुटायची सोयही जुनाट आहे: 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच लागू झाला, साध्या दुकानदारासाठी आजही 1909 आणि 1920 चे कायदे आहेत. दिल्लीतला तो कायदा आपल्या हातात नाही. दाखला आहे.

त्या दाखल्यावर धंद्याचा प्रकार, कालावधी, कामगारांची संख्या आणि सांभाळलेली कामे एवढेच असावे. नफा-तोट्याचा रकाना नको. महास्वयंम पोर्टलवरच्या अर्जाला तो जोडता यावा. खासगी कंपन्यांना आग्रह करण्याआधी शासनाच्या महामंडळांनी आपल्या कंत्राटी भरतीत तो अनुभव म्हणून ग्राह्य धरावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. तो आपण काढावा, ही विनंती.

आपला,
एक नागरिक