पुणे ते ग्वांगझू : अंतर किलोमीटरमध्ये नाही, दुकानाच्या दिवसांत मोजा



कॅंटन फेअर जवळ आला की एक प्रश्न ठरलेला : "सर, पुण्याहून ग्वांगझूला किती तास लागतात?"

सरळ रेषेत अंतर साधारण ४,१०० किलोमीटर. विमान ताशी ८००च्या आसपास जातं, म्हणजे पाच-साडेपाच तास. माझं स्पष्ट मत : या पाच तासांवर जो बजेट करतो, त्याने बजेट केलेलंच नाही.

पुण्याहून ग्वांगझूला थेट विमान नाही. भारत-चीन थेट विमानसेवा २०२० पासून पाच वर्षं बंद होती. २६ ऑक्टोबर २०२५ला कोलकाता-ग्वांगझू सुरू झाली, मग दिल्लीहूनही. आपल्याला कुठेतरी विमान बदलावंच लागतं.

समजा, बँकॉकमार्गे गेलात. पुणे-बँकॉक २,९०० आणि पुढे १,७०० किलोमीटर. फेरा फक्त ५०० किलोमीटरचा. पण वेळ बघा :

- कासारवाडी ते लोहगाव : १ तास
- विमानतळावर आधी पोहोचणं : ३ तास
- पहिलं विमान : ४ तास
- बँकॉकला थांबा : ४ तास
- दुसरं विमान : पावणेतीन तास
- इमिग्रेशन, सामान, हॉटेल : २ तास

झाले जवळपास १७ तास. त्यातले हवेतले सातसुद्धा नाहीत! शिवाय चीनचं घड्याळ अडीच तास पुढे. रात्री ८ला घर सोडलंत, तर हॉटेलवर पोहोचेपर्यंत तिथे दुपारचे साडेतीन वाजलेले. फेअर सहाला बंद होतो. तो दिवस गेला.

फेअरचा प्रत्येक टप्पा पाच दिवसांचाच. पहिल्यात इलेक्ट्रॉनिक्स, मशिनरी, हार्डवेअर. दुसऱ्यात घरगुती वस्तू, गिफ्ट. तिसऱ्यात खेळणी, कपडे. पहिल्या टप्प्यात जाऊन खेळणी शोधत बसाल, तर प्रवास फुकट.

आता खरा हिशोब. धरा, तिकीट, व्हिसा, राहणं-खाणं मिळून ७६,००० रुपये. दुकान सहा दिवस बंद, रोजचा ढोबळ नफा ४,००० : म्हणजे आणखी २४,०००. एकूण एक लाख. ३ लाखांचा माल घेतलात, तर प्रत्येक १०० रुपयांच्या मालावर ३३ रुपये प्रवासाचेच चढले. जहाजभाडं, कस्टम ड्युटी, जीएसटी अजून बाकी! तोच माल २० लाखांचा असेल, तर फक्त ५ रुपये.

म्हणून माझं म्हणणं : पहिली ऑर्डर दोन-तीन लाखांची असेल, तर जाऊ नका. बोहरी आळीत फिरा, मुंबईच्या आयातदारांकडून माल घ्या, सॅम्पल कुरिअरने मागवा. माल इथे खपतो हे आधी सिद्ध होऊ द्या. "मी चायनाला जाऊन आलो" हे व्हिजिटिंग कार्डवर शोभतं, गल्ल्यात दिसत नाही.

जायचंच ठरलं, तर दोन गोष्टी पाळा. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर घ्या. वेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात. आणि १४ तास थांब्याचं तिकीट ३,००० रुपयांनी स्वस्त दिसलं, तर आधी तुमच्या दुकानाचा एक दिवस केवढ्याला पडतो ते बघा.

तुमचा एका दिवसाचा ढोबळ नफा किती? आज रात्री वही उघडून काढा आणि कमेंटमध्ये लिहा. तो आकडा माहीत नसेल, तर विमानाची वेळ विचारून उपयोग नाही.