दुसरा कुत्रा कुणासाठी?

सकाळी नऊला कुलूप लागलं की संध्याकाळी सातपर्यंत घरात फक्त कुत्रा. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अनेक शित्झूंचे, पगांचे आणि पामेरियनांचे दिवस असेच जातात. शेजारून तक्रार येते की दिवसभर रडतो. सोफ्याचा कोपरा कुरतडलेला सापडतो. घरच्यांचा जीव तुटतो आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘अजून एक छोटासा आणूया, दोघांना एकमेकांची सोबत होईल.’

हा विचार मायेतूनच येतो. तरीही निर्णय घेण्याआधी इथे थांबायला हवं. घरात दुसरा कुत्रा जरूर यावा, पण घरच्यांकडे आणखी एका जिवासाठी वेळ, पैसा आणि जागा आहे म्हणून यावा. पहिल्याच्या एकटेपणावरचा उतारा म्हणून आणला, तर बहुतेक वेळा दोघांचेही हाल होतात.

याचं कारण कुत्र्याच्या जडणघडणीत आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या संशोधकांनी १९९६ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातले कुत्रे लहानपणापासून जोडीजोडीने एकाच पिंजऱ्यात वाढले होते. त्यांना अनोळखी जागी नेल्यावर शरीरातलं ताणाचं संप्रेरक वाढतं का, हे तपासलं गेलं. जन्माचा जोडीदार बरोबर असूनही ते वाढलं. रोज काळजी घेणारा माणूस शेजारी बसला तेव्हा मात्र वाढलं नाही. दोनच वर्षांनी बुडापेस्टमधल्या संशोधकांनी मानसशास्त्रज्ञ तान्ह्या मुलांवर करतात ती चाचणी कुत्र्यांवर केली. खोलीत कधी मालक, कधी परका माणूस, कधी कुणीच नाही. मालक गेल्यावर दाराशी उभं राहणं, तो परतल्यावर धावत जाऊन बिलगणं, या सगळ्यात कुत्र्यांचं वागणं आईला धरून असलेल्या मुलांसारखं दिसलं. म्हणजे दाराशी रडणारा कुत्रा साधारणपणे माणसासाठी रडत असतो. तिथे दुसरा कुत्रा आणून बसवला, तर रडणं थांबेलच असं नाही, कधी कधी एकाऐवजी दोघं रडायला लागतात.

म्हणून आधी एक साधी गोष्ट करावी. घराबाहेर पडताना जुना मोबाईल रेकॉर्डिंग चालू करून कपाटावर ठेवावा. कुलूप लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कुत्रा दार ओरबाडत असेल, लाळ गाळत असेल, एरवी शहाणा असूनही घरातच शू करत असेल, तर त्याला विरहाची भीती बसली आहे. त्यावर उपचार आहेत. एक-दोन मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवत न्यायची एकटं राहण्याची सवय, जाणकार प्रशिक्षक आणि गरज पडली तर पशुवैद्यकाने दिलेली औषधं. कुत्रा नुसता लोळत, जांभया देत पडलेला दिसला, तर तो कंटाळला आहे. त्याला सकाळचं फिरणं लांबवून हवंय, वाटेत मनसोक्त हुंगू द्यायला हवंय, दुपारी अर्धा तास कुणी येऊन नेणारं हवंय. यातलं काहीही दुसऱ्या कुत्र्यापेक्षा स्वस्त आहे आणि त्यात कुणाचा जीव पणाला लागत नाही.

याचा अर्थ कुत्र्यांना एकमेकांची ओढ नसते, असा मुळीच नाही. इटलीतल्या संशोधकांनी ४२६ मालकांकडून माहिती गोळा करून २०२२ साली प्रसिद्ध केली. घरातल्या दोन कुत्र्यांपैकी एक गेल्यावर मागे राहिलेल्याचं वागणं बिघडलं, असं ८६ टक्के मालकांनी सांगितलं. कुणी खेळणं सोडलं, कुणी खाणं कमी केलं, कुणी सतत माणसाच्या पायात घोटाळू लागला. ज्यांची दोस्ती घट्ट होती त्यांच्यात हा फरक जास्त दिसला. ही नाती खरी असतात. स्वित्झर्लंडच्या प्राणी संरक्षण नियमांत याचं फार समंजस भान दिसतं. तिथे गिनीपिग एकटा ठेवता येत नाही, त्याला जातभाईची सोबत द्यावीच लागते. कुत्र्याबाबत मात्र नियम असा की, त्याला रोज माणसाचा पुरेसा सहवास मिळाला पाहिजे आणि शक्य तिथे इतर कुत्र्यांचाही. घरात दुसरा हवाच, अशी सक्ती नाही. सोसायटीच्या बागेत रोज भेटणारा एखादा मित्र ही गरज बऱ्यापैकी भागवू शकतो.

एवढा विचार करूनही घराने ‘हो’ म्हटलं, तर खरा प्रश्न उरतो, कोणता कुत्रा? आपल्याकडे याचं उत्तर फार वेळा पडद्यावरून आलं आहे. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीनंतर पांढऱ्याशुभ्र पामेरियनचं वेड आणखी वाढलं. खरं तर तो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो, आपल्या उकाड्याला सरावलेला. २००३ मध्ये हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतला पग मुलामागे चालू लागला आणि चपट्या नाकाचे ते बिचारे जीव मे महिन्यातल्या विदर्भातसुद्धा पोहोचले. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करणं जड जातं. एक पग सांभाळताना ज्यांची उन्हाळ्यात धांदल उडते, त्यांनी जोडीला दुसरा पग किंवा शित्झू आणण्याआधी विजेच्या बिलाचा आणि दुपारच्या वीजकपातीचा विचार करावा.

पिल्लूच हवं, हा हट्टही सोडावा. पिल्लू गोड दिसतं, पण सहा-सात वर्षांच्या कुत्र्याला ते दिवसभर चावे घेतं, त्याच्या अंगावर उड्या मारतं, त्याची झोप मोडतं. २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. तरी पाच-सहा आठवड्यांची पिल्लं ‘आईपासून सुटलंय’ असं सांगून सर्रास गळ्यात मारली जातात. चावा किती जोराचा लागतो, समोरचा ‘पुरे’ कसं म्हणतो, हे पिल्लू याच दिवसांत आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. ते न शिकलेलं पिल्लू घरातल्या जुन्या कुत्र्यावर शिकतं आणि त्याची किंमत तोच मोजतो.

त्यापेक्षा तीन-चार वर्षांचा, स्वभाव कळलेला कुत्रा दत्तक घ्यावा. मालक परदेशी गेला, घरात बाळ आलं, कुणाला ॲलर्जी निघाली, अशा कारणांनी सोडून दिलेले शित्झू, पग, स्पिट्झ पुण्यातल्या ब्लू क्रॉस किंवा रेस्क्यूसारख्या संस्थांकडे पोहोचतात. अंगाने आटोपशीर गावठी कुत्रा मिळाला तर फारच उत्तम. आकार मात्र साधारण जुळता असावा, कारण चार किलोच्या कुत्र्याला पंचवीस किलोच्या मित्राचं नुसतं खेळणंही जायबंदी करू शकतं.

नर-मादीची जोडी जमण्याची शक्यता अधिक. एकाच घरातल्या कुत्र्यांच्या भांडणांची ३८ प्रकरणं तपासून २०११ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७९ टक्के जोड्या एकाच लिंगाच्या होत्या. भांडणाची निमित्तं कुठल्याही घरात रोज घडणारी होती, मालकाचं लक्ष, दार वाजल्यावरची धावपळ, खाणं, जमिनीवर सापडलेली वस्तू. नर-मादी आणायचे तर नसबंदी आधी करून घ्यावी. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, गर्भ ६३ दिवसांच्या आसपास वाढतो आणि मग पिल्लांसाठी घरं शोधत फिरावं लागतं.

पहिली भेट घरात घडवू नये. भल्या पहाटेची रिकामी गल्ली, दोन माणसं, दोन सैल पट्टे. दोघांनी दहा-पंधरा फुटांचं अंतर ठेवून एकाच दिशेने चालायला लागावं. समोरासमोर आणून ‘शेकहँड’ करायला लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. थोड्या वेळाने अंतर कमी करावं. शहाणा कुत्रा सरळ चालून येत नाही, वळसा घेत येतो आणि मागच्या बाजूने हुंगतो. दोन-तीन सेकंद झाले की हाक मारून दोघांना पुढे न्यावं. ओठ चाटणं, जांभई देणं, मान फिरवणं दिसलं तर त्याला अजून वेळ हवा आहे. तोंड घट्ट मिटलेलं, अंग ताठ, नजर रोखलेली आणि शेपूट वर करून बारीक थरथरत असेल, तर त्या दिवशी तिथेच थांबावं. पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर केलं, तर खेळायचं आमंत्रण आहे. स्थळ पाहताना दोन भेटींत होकार देत नाहीत, तसंच इथेही. शक्य असेल तर संस्थेकडून आधी काही आठवड्यांसाठी फॉस्टर म्हणून आणावं आणि सूत जुळलं नाही तर न लाजता परत सोपवावं.

घरात आल्यावर जेवणाची भांडी दोन वेगळ्या खोल्यांत. चघळायची हाडं, आवडती खेळणी काही दिवस उचलून ठेवलेली. जुना गुरगुरला तर त्याला दटावू नये. गुरगुरणं हा त्याचा इशारा असतो, तो बंद पाडला की पुढच्या वेळी थेट चावा येतो. दोघांना रोज थोडा वेळ वेगवेगळं फिरवावं, नाहीतर नवा जुन्यालाच चिकटतो आणि माणसाशी नातं जुळत नाही.

खर्च दुप्पट होतो, कधी त्याहून जास्त. एकाने आणलेली गोचीड दुसऱ्याला लागते आणि गोचीड ताप दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. लहान जातींच्या दात-हिरड्या लवकर बिघडतात, गुडघ्याची वाटी सरकते. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, म्हणून लसीकरण अर्धवट असलेला कुत्रा आणूच नये. सोसायटीच्या दंडेलीला मात्र घाबरण्याचं कारण नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. दोन कुत्र्यांचं भुंकणं आवरणं आणि जिन्यातली घाण उचलणं ही मालकाची जबाबदारी मात्र दुप्पट होते.

शेवटी म्हाताऱ्या कुत्र्यांविषयी. तेरा-चौदा वर्षांचा स्पिट्झ मोतीबिंदूने आंधळा होत असतो, कानाला कमी ऐकू येतं, सांधे दुखतात. तो गेल्यावर घर खायला उठेल या भीतीने त्याच्या हयातीतच पिल्लू आणणारी कुटुंबं बरीच आहेत. ती भीती समजण्यासारखी आहे, पण त्या पिल्लाचा त्रास ज्याला होणार त्याला बोलता येत नाही. म्हणून घरचा कुत्रा सात-आठ वर्षांचा आणि चालता-फिरता असतानाच शांत स्वभावाचा जोडीदार आणावा. ती वेळ गेली असेल तर उरलेले महिने त्याला एकट्याला, पूर्ण लक्ष देऊन द्यावेत आणि नवा कुत्रा त्यानंतर आणावा.