उंच गाडीची हौस आणि रस्त्याचा हिशेब

विदर्भाची हद्द जिथे मराठवाड्याला टेकते, तिथे देऊळगाव राजा आहे. जिल्हा बुलढाणा, पण जालना जवळ, त्यामुळे बाजारहाट असो की गाडीची दुरुस्ती, पावले बहुधा जालन्याकडेच वळतात. या भागात एकेकाळी काळ्यापिवळ्या जीपगाड्यांचे राज्य होते. नऊ-दहा माणसांच्या गाडीत पंधरा-सोळा कोंबायची आणि टपावर पोती चढवायची, तर मागचे कमानपाटे बसून जाणारच. म्हणून पाट्यात एक पान वाढवून घ्यायचे. गाडी मागून दोन बोटे उचलली जाई, रिकामी धावताना मात्र खड्ड्यागणिक उडे. नियमात ते बसत नव्हते हे उघड आहे, पण त्यात हौस नव्हती, पोट होते.

आता रस्ते पुष्कळ सुधारले. शेजारच्या सिंदखेड राजाजवळून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पाही सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. नवल असे, की खड्डे होते तेव्हा ज्या गाड्या कंपनीने दिल्या तेवढ्याच उंचीवर सुखाने चालत होत्या, त्यांना रस्ता गुळगुळीत होताच उंच व्हावेसे वाटू लागले. थार किंवा तशीच एखादी दणकट गाडी घ्यायची आणि पासिंग होताच मूळ टायर काढून तेहतीस इंची, जाड नक्षीचे टायर चढवायचे, खाली ‘लिफ्ट किट’ बसवायचे. लग्नसराईत वरातीपुढे अशी एखादी गाडी हवीच. हौसेला मोल नसते हे खरे, पण हिशेब असतो आणि तो गाडीबाहेरच्या माणसांनाही चुकवावा लागतो.

आधी साधे गणित पाहू. थारच्या वरच्या प्रकारांना २५५/६५ आर १८ मापाचा टायर येतो. त्याचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर, म्हणजे एकतीस इंच. तेहतीस इंची टायर ८३८ मिलिमीटरचा. व्यास दोन इंचांनी वाढला तरी गाडी एकच इंच उचलली जाते, कारण आस चाकाच्या मध्यावर असतो. त्या एका इंचासाठी काय द्यावे लागते? चाकाचा घेर सहा टक्क्यांनी वाढतो, पण स्पीडोमीटरला ते ठाऊक नसते. काटा १२० दाखवतो तेव्हा गाडी १२७ च्या घरात असते. किलोमीटरही कमी मोजले जातात. चाक जड आणि मोठे झाले, ब्रेक मात्र तेवढेच राहिले. इंजिनालाही जास्त ओढावे लागते, मग मालक म्हणतो, गाडी पूर्वीसारखी उचल घेत नाही.

सस्पेन्शनचे प्रकरण याहून नाजूक. जुन्या थारला मागे कमानपाटे होते. २ ऑक्टोबर २०२० रोजी आलेल्या नव्या थारला पुढेमागे कॉइल स्प्रिंग आहेत. स्वस्तातला उपाय म्हणजे स्प्रिंगवर ठोकळा बसवून गाडी उचलणे. तिथे शॉकॲब्सॉर्बरची लांबी अपुरी पडते, पुढच्या चाकांना फिरवणारे दांडे वाकड्या कोनात चालू लागतात, त्यांचे रबरी बूट फाटतात आणि ग्रीस बाहेर येते. चांगल्या किटमध्ये स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर दोन्ही जोडीने बदलतात, अलाइनमेंट नव्याने करतात. तरीही गुरुत्वमध्य वर गेला तो गेलाच. ग्लोबल एनकॅपने २०२० मध्ये थारला दिलेले चार तारे कंपनीच्या उंचीच्या गाडीला होते. गाडी घसरू लागली की चाकांना आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणाही त्याच उंचीच्या हिशेबाने बसवलेली असते.

मग चिखलात तरी उपयोग होतो ना? होतो. वाळूत, दगडगोट्यांत, पाणंद रस्त्यावर रुंद टायर आणि वाढीव उंची कामी येते. गोव्यात २०१४ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेत अशा बदलाशिवाय कोणी उतरणार नाही, आणि ती त्या खेळाची गरज आहे. पण आपल्याकडची काळी माती निराळी. ती टायरच्या नक्षीत भरते आणि दहा पावलांत चाकाचा गुळगुळीत गोळा करून टाकते. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ जीपचे टायर अवघे सहा इंच रुंद होते, चिखल कापून खालच्या टणक थराला भिडणारे. वाफसा आल्याशिवाय शेतात औत घालू नये हे ज्या गावात पोराटोरांना कळते, तिथे जाहिरातीतल्या टायरवर एवढा विश्वास का बसावा, याचे कोडे आहे.

कायद्याने याबाबत फारशी संदिग्धता ठेवलेली नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलापोटी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना ठरावीक मुदतीने योग्यता तपासणीस उभे राहावे लागते, खासगी गाडी मात्र एकदा नोंदली की पंधरा वर्षे त्या दारात जात नाही. काळ्यापिवळीवाला निदान तपासणीपुरते तरी पाटे उतरवत असे!

रस्त्यावरचा खरा धोका रात्री दिसतो. तीन इंच उचललेल्या गाडीचे दिवे खाली वळवून घेतले नाहीत, तर समोरून मोटरसायकलवर येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातात. उंच बंपर छोट्या मोटारीच्या दाराला नको तिथे, काचेच्या जवळ भिडतो. चिखलाचे टायर ओल्या डांबरावर किंवा सिमेंटवर कमी रबर टेकवतात, म्हणून गाडी थांबायला जास्त जागा घेते. त्यांतल्या बऱ्याच टायरांवर ‘क्यू’ हे अक्षर असते, म्हणजे कमाल वेगाची मर्यादा ताशी १६० किलोमीटर. ते अंतर पुरेसे वाटते, पण ते योग्य हवा आणि योग्य भार धरून दिलेले असते.

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. टायर फुटल्याची चर्चा आधी झाली, परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र तशा खुणा आढळल्या नाहीत. त्या वर्षी महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासणे सुरू झाले, झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. तिथे पाहिली जात होती ती झीज. मापाचा प्रश्न निराळाच राहिला.

घरातल्या चिरंजीवांनी हट्टच धरला असेल, तर वडीलधाऱ्यांनी दुकानात जाऊन चार गोष्टी पाहाव्यात. टायरचे माप कंपनीने त्याच गाडीच्या एखाद्या प्रकाराला दिलेले आहे काय? बाजूवरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी तर नाही? ११२ हा आकडा असेल तर एका टायरवर ११२० किलोंपर्यंत भार चालतो. तिथेच चार अंकी खूण असते, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुना माल नवा म्हणून माथी मारला जातोय का ते तिच्यावरून कळते. विमा कंपनीला बदल लेखी कळवला नसेल, तर अपघातानंतर आपल्याच गाडीच्या भरपाईचा दावा अडू शकतो. आणि काढलेले मूळ टायर दुकानदाराच्या हवाली न करता घरी आणावेत. पुढेमागे गाडी विकायची झाली, की गिऱ्हाईक आधी तेच मागते.