सुट्टीत शिकलेले पदवीत धरावे का?

उन्हाळी परीक्षा संपल्या की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कॉलेजांतली मुले दोन वाटांना लागतात. काही जण एमआयडीसीतल्या पॅकिंग विभागात किंवा फर्निचर बाजारातल्या दुकानात महिना-दीड महिना काम धरतात. काही जण टॅली, एक्सेल, इंग्रजी संभाषण असा एखादा क्लास लावतात. क्लासचे प्रमाणपत्र फाइलमध्ये जाते आणि पदवीच्या मार्कशीटवर त्याची नोंदही होत नाही. सुट्टीत दुसऱ्या संस्थेत शिकलेला विषय विद्यापीठाने पदवीत धरावा का, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. आमच्या मते धरावा; मात्र काही अटी आधी पक्क्या करून.

नियमांचा पाया तयार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट्स एका खात्यात जमा ठेवण्याच्या व्यवस्थेचे, नियम केले. किमान निम्मी क्रेडिट्स पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवायची, बाकीची इतर मान्य संस्थांतून आणता येतात. 2022 मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षीच्या पदवी आराखड्यात आठ आठवड्यांचे उन्हाळी सत्र आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याने सुट्टीत 4 क्रेडिटचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम केला, तर त्याला प्रमाणपत्र मिळते. जादा विषय घेण्यासाठी किंवा राहिलेले विषय काढण्यासाठीही हे सत्र वापरता येते. मात्र ते चालवायचे की नाही, हे संस्थेने ठरवायचे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आहे.

तरीही मुभा असणे वेगळे आणि मान्यता मिळणे वेगळे. क्रेडिट खात्यात जमा झाले म्हणजे ते आपल्या अभ्यासक्रमातल्या अमुक विषयाच्या जागी धरले जाईलच, असे नाही. समकक्षता विद्यापीठच ठरवते. मुलाने फी भरून, मे महिन्याच्या उकाड्यात वर्ग करून परत यावे आणि परीक्षा विभागाच्या खिडकीवर ‘हे चालणार नाही’ असे ऐकावे, हा धोका आज सर्वस्वी विद्यार्थ्याच्या माथी आहे.

या भागाला अशा सोयीची गरज का आहे, हे सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये उभे राहिले की कळते. घरची, कामाची आणि प्रवासाची ओढाताण सांभाळत शिकणाऱ्याचा एखादा विषय राहिला की त्याचे ओझे पुढच्या सत्रावर पडते. तो विषय घराजवळ सुट्टीत निघाला, तर पुढचे सत्र मोकळे होते. दुसरी गरज हाताने शिकण्याची. अंबरनाथला सरकारी आयटीआय आहे, आजूबाजूला कारखाने आहेत. विज्ञान शाखेच्या मुलीला तिथल्या वर्कशॉपमध्ये मोजमापाची साधने हाताळता आली, तर तिच्या पदवीला जे वजन येईल ते केवळ वर्गातल्या व्याख्यानांनी येणार नाही.

विरोधातले मुद्देही तितकेच खरे आहेत. पहिला वेळेचा. 4 क्रेडिट म्हणजे व्याख्यानांचे 60 तास, प्रात्यक्षिक असेल तर 120. परीक्षा लांबल्या की आठ आठवड्यांतले हातात जेमतेम पाच उरतात. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर प्रात्यक्षिकासाठी रोज चार तास. तेवढा वेळ दिल्यावर कामावर कसे जायचे? ज्या घरात त्या महिन्याच्या पगारावर जूनची फी भरली जाते, तिथे सुट्टीचा वर्ग ही चैन ठरते. मग ज्याची ऐपत आहे तो पुढे आणि ज्याची नाही तो आणखी मागे, असे होईल.

दुसरा मुद्दा दर्जाचा. विषय कुठूनही आणता येतो म्हटल्यावर सोपी परीक्षा आणि सैल हजेरी असलेल्या संस्थेकडे ओढा वाढणारच. प्राध्यापकांची तिसरी हरकत अशी, की विषय एकमेकांवर रचलेले असतात. मधलाच एक बाहेर उरकला, तर वरचा डळमळतो. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम हा स्वस्त पर्याय आहे, पण त्यांची सत्रे मुख्यतः जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. सुट्टीची पोकळी त्याने भरत नाही.

ज्या देशात ही पद्धत रुळली आहे, तिथला अनुभव उपयोगी आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबातली मुले विद्यापीठात शिकत असताना उन्हाळ्यात घराजवळच्या कौंटी कॉलेजात गणित किंवा रसायनशास्त्र घेऊ शकतात. कुठला विषय कशाच्या जागी धरला जाईल, हे त्यांना प्रवेशाआधीच पाहता येते. बहुतेक विद्यापीठे अशा विषयाचे क्रेडिट धरतात, पण त्यातली श्रेणी सरासरीत धरत नाहीत. त्यामुळे गुण फुगवण्यासाठी सोपी जागा शोधण्याचा मोह बराच ओसरतो.

म्हणून आमच्या अटी अशा. विद्यापीठाने समकक्ष विषयांची आणि संस्थांची यादी जानेवारीतच जाहीर करावी आणि विद्यार्थ्याला प्रवेशाआधी लेखी मंजुरी द्यावी. एका उन्हाळ्यात एकच विषय, तोही मुख्य विषयाचा पाया नसलेला. क्रेडिट धरावे, श्रेणी सरासरीत धरू नये. खाजगी क्लासचे प्रमाणपत्र यात येऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, कामावर जाणाऱ्या मुलालाही यात जागा हवी. वर्ग सकाळी सात ते नऊ भरवावेत, आणि कारखान्यातल्या कामात खरोखर शिकण्यासारखे असेल, तर तेच देखरेखीखाली इंटर्नशिप म्हणून धरावे.

सुरुवात मोठी नको. उल्हासनगरचे चांदीबाई आणि तलरेजा, बदलापूरचे आदर्श ही कॉलेजे आणि अंबरनाथचे आयटीआय एका रेल्वेमार्गावर, काही स्थानकांच्या अंतरात आहेत. या संस्थांनी विद्यापीठाच्या संमतीने दोन-तीन विषय एकत्र ठरवून पुढच्या मे महिन्यात चालवून पाहावेत. किती जण आले, किती टिकले आणि न आलेल्यांना कशाने अडवले, हे प्रामाणिकपणे नोंदवावे. ही सोय वाढवायची की थांबवायची, ते त्या नोंदी पाहून ठरवता येईल.