ताठ जोडणी म्हणजे सुरक्षित बाजू नव्हे

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून निसार उपग्रह झेपावला, तेव्हा त्याच्या १२ मीटर व्यासाच्या अँटेनाची सर्वत्र चर्चा झाली. उपग्रहांतील उपकरणे पॅनेलवर कशी जोडतात आणि ती जोडणी संगणकीय प्रतिमानात कशी मांडतात, हा विषय मात्र क्वचितच कोणी काढतो. उड्डाणाच्या हादऱ्यांत उपकरण टिकेल का, याचे भाकीत पुष्कळदा याच निवडीवर अवलंबून असते.

फायनाइट एलिमेंट प्रतिमानात चार पायांवर उभी असलेली उपकरणाची पेटी बहुधा एका बिंदूवर एकवटलेले वस्तुमान म्हणून दाखवतात. तो बिंदू पायांशी जोडण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. नॅस्ट्रान या आज्ञावलीत त्यांना आरबीई-२ आणि आरबीई-३ म्हणतात. पहिल्या प्रकारात मधला बिंदू आणि चारही पाय एकाच न वाकणाऱ्या ठोकळ्याचे भाग असल्यासारखे हलतात. दुसऱ्या प्रकारात मधल्या बिंदूची हालचाल ही पायांच्या हालचालींची भारित सरासरी असते. बल पायांमध्ये वाटले जाते, पण पॅनेलची ताठरता त्याने वाढत नाही.

'ताठ जोडणी म्हणजे सुरक्षित बाजू' असा समज विद्यार्थ्यांत आढळतो. कंपनांच्या बाबतीत तो घातक ठरू शकतो. नैसर्गिक वारंवारता ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. प्रतिमानात ५० हर्ट्झ दिसत असतील आणि प्रत्यक्ष ताठरता २० टक्क्यांनी कमी निघाली, तर वारंवारता ४५ हर्ट्झच्याही किंचित खाली येते. प्रक्षेपकाच्या कंपनांपासून राखलेले अंतर मग कागदावरच उरते.

तापमानाबाबत चूक उलट दिशेने होते. अर्धा मीटर लांबीचे अ‍ॅल्युमिनियम ४० अंश सेल्सिअसने तापले, तर सुमारे ०.४६ मिलिमीटर वाढते. ताठ जोडणीला प्रसरणांक दिलेला नसेल, तर ती ही वाढ अडवते. एका दिशेत संपूर्ण अडवल्यास सुमारे ६४ मेगापास्कल ताण उत्तरात दिसू लागतो. हा ताण धातूत नसतो, तो केवळ प्रतिमानाने निर्माण केलेला असतो.

म्हणून सर्वत्र आरबीई-३ वापरावे, असेही नव्हे. खऱ्या पेटीची चौकट पॅनेलला थोडाबहुत आधार देतेच, आणि भारवाटप करणारी जोडणी तो आधार हिशेबात धरत नाही. वास्तव बहुधा या दोहोंच्या मध्ये असते.

तेव्हा प्रबंधांत आणि अहवालांत दोन्ही जोडण्यांची उत्तरे शेजारी शेजारी देण्याचा प्रघात पडावा. फरक नगण्य असेल, तर वाद तेथेच मिटतो. तो मोठा असेल, तर पेटीचेच सविस्तर प्रतिमान करणे भाग आहे. अखेरचा निवाडा कंपनचाचणीच करते, पण तोवर धातू कापून झालेला असतो. जोडणीची निवड भौतिकीच्या विचाराने केली की आज्ञावलीतील सवयीने, हा प्रश्न परीक्षकांनी त्याआधीच विचारायला हवा.