छायेची साक्ष

सालेम म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पिसाटलेला जमाव येतो, पेटलेली चिता येते आणि किंचाळणाऱ्या मुली येतात. यातली चिता सरळसरळ चुकीची आहे. 1692 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत चेटकीण म्हणून कुणालाही जाळले गेले नाही. 14 स्त्रिया आणि 5 पुरुष अशा 19 जणांना फाशी दिले गेले. जाइल्स कोरी हा ऐंशीच्या घरातला शेतकरी खटल्याला उत्तर द्यायलाच तयार होईना, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचत गेले आणि त्यातच तो मेला. किमान पाच जण तुरुंगात वारले. चिता खोडून टाकणे सोपे आहे, जमाव खोडणे अवघड. कारण जमावाला दोष दिला की आपल्यासारखी शिकलीसवरलेली माणसे सुटतात. प्रत्यक्षात वॉरंटे निघाली होती, जबान्या लिहून घेतल्या होत्या, ज्युरी बसली होती, निकालावर सह्या झाल्या होत्या. आर्थर मिलरने 1953 च्या आपल्या नाटकात अकरा-बारा वर्षांच्या अ‍ॅबिगेल विल्यम्सला सतरा वर्षांची केले, साठीतल्या जॉन प्रॉक्टरला ऐन तारुण्यात आणले आणि दोघांत एक प्रेमप्रकरण घातले. मॅकार्थीच्या काळातल्या अमेरिकेला जे सांगायचे होते ते त्याने सांगितले, नाटककाराचा तो हक्कच आहे. पण त्यामुळे सालेमची गोष्ट एका दुखावलेल्या पोरीच्या सूडाची होऊन बसली. कागद निराळे सांगतात. सालेममध्ये माणसे मेली ती कचेरी पूर्ण शुद्धीवर असताना. यंदाच्या अंकाचा विषय ‘साक्ष’ ठरवला तेव्हा सुरुवात या कागदांपासून करावी असे वाटले, ते याच कारणाने.

सालेम व्हिलेज म्हणजे आजचे डॅनव्हर्स. शेजारच्या सालेम बंदरापासून वेगळे व्हायला धडपडणारी शेतकऱ्यांची वस्ती. पाद्री सॅम्युएल पॅरिसचा पगार आणि त्याला पुरवायचे सरपण यांवरून गावात दोन तट पडले होते. उत्तरेकडे, आजच्या मेनमध्ये, मूळ रहिवाशांशी आणि फ्रेंचांशी लढाई चालू होती; तिथून घरेदारे गमावलेली माणसे या भागात येऊन राहिली होती. वसाहतीची सनद 1684 मध्ये रद्द झाली होती आणि नवी अजून समुद्रापलीकडून यायची होती. अशा वेळी, 1692 च्या जानेवारीत, पॅरिसच्या घरात त्याची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि भाची अ‍ॅबिगेल यांना झटके येऊ लागले. वैद्याने दुष्ट शक्तीचा हात असल्याचे सांगितले. 29 फेब्रुवारीला तीन बायकांवर वॉरंट निघाले: पॅरिसच्या घरची गुलाम टिट्युबा, दारोदार मागून खाणारी सेरा गुड, आणि कित्येक महिने चर्चची पायरी न चढलेली, मालमत्तेच्या वादात अडकलेली सेरा ऑस्बर्न. गावाने नावे घेताना आधी कुणाकडे पाहिले हे वेगळे सांगायला नको. टिट्युबाने कबुली दिली. सैतानाच्या वहीत आपण नऊ खुणा पाहिल्या असेही ती म्हणाली. हाती तीनच होत्या, म्हणजे उरलेल्या सहा जणी शोधायच्या होत्या.

शोधायच्या कशा? इथे खरा पेच आहे. चेटूक हा इंग्लंडच्या 1604 च्या कायद्यानुसार देहान्त शिक्षेचा गुन्हा होता, पण तो घडताना दिसत नाही. तेव्हा न्यायालयाने ज्याला ‘छायेची साक्ष’ म्हणता येईल ती मान्य केली. पीडित मुलगी म्हणे, अमक्या बाईची छाया माझ्याजवळ येते, मला चिमटे काढते, गळा दाबते. ती छाया दिसते फक्त त्या मुलीला. आरोपी बाई त्या वेळी चार मैलांवर आपल्या घरी झोपली होती असे दहा शेजाऱ्यांनी शपथेवर सांगितले तरी उपयोग नाही, कारण घरी होते ते शरीर आणि फिरत होती ती छाया. ज्या पुराव्याला खोटे ठरवण्याची वाटच नाही तो पुरावा न्यायालयात आला की पुढचे सगळे नियमानुसार होत जाते. आणि या साक्षीला नजीरही होती: 1662 मध्ये इंग्लंडात बरी सेंट एडमंड्स येथे मॅथ्यू हेल या नामांकित न्यायाधीशासमोर तसला पुरावा चालला होता. न्यायाधीश अडाणी नव्हते, पुस्तके उघडून बसले होते.

सेरा गुडच्या खटल्यातला एक प्रसंग रॉबर्ट कॅलेफने 1700 साली छापलेल्या पुस्तकात नोंदवला आहे. एका मुलीला भर न्यायालयात झटका आला. सेराच्या छायेने आपल्याला सुरीने भोसकले आणि सुरी मोडली असे सांगून तिने पात्याचा तुकडाही काढून दाखवला. तेवढ्यात एक तरुण पुढे झाला. त्याच्या हातात सुरीची मूठ आणि उरलेले पाते होते. आपली सुरी काल मोडली, तुकडा आपण या मुलीच्या देखत टाकून दिला, असे तो म्हणाला. दोन्ही तुकडे जुळले. न्यायालयाने मुलीला खोटे न बोलण्याची समज दिली आणि तिची साक्ष पुढे चालू ठेवली. सालेमचे सगळे मर्म या समजेत आहे. सेरा गुडला 19 जुलैला फाशी दिले. बोस्टनच्या तुरुंगाच्या हिशेबात तिच्या आणि सेरा ऑस्बर्नच्या साखळदंडांचे 14 शिलिंग लावलेले सापडतात, आणि सेराच्या तान्ह्या मुलासाठी दोन कांबळ्यांचे 10 शिलिंग. साखळदंड घातले की छाया हिंडत नाही अशी समजूत होती. ते मूल तुरुंगातच दगावले. चार-पाच वर्षांची थोरली मुलगी डोरोथी हिलाही चेटकीण ठरवून सात-आठ महिने बेड्यांत ठेवले होते. पुढे 1710 मध्ये बापाने भरपाईच्या अर्जात लिहिले, की तेव्हापासून पोरीचे डोके ठिकाणावर नाही.

त्याच दिवशी फासावर गेलेली रिबेका नर्स 71 वर्षांची, कमी ऐकू येणारी, गावात मान असलेली बाई. 39 शेजाऱ्यांनी तिच्या बाजूने सह्या केल्या होत्या आणि ज्युरीने तिला निर्दोषही ठरवले होते. निकाल ऐकताच पीडित मुलींनी आकांत मांडला. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी ज्युरीला विचारले, एका कबुली दिलेल्या कैदी बाईला ही ‘आमच्यातली’ म्हणाली, त्याचा विचार केलात का? रिबेकाचा अर्थ ‘आमच्याबरोबर कोठडीत असलेली’ एवढाच होता. तिला खुलासा विचारला, तो तिला ऐकूच आला नाही. ती गप्प राहिली आणि ज्युरीने निकाल फिरवला. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधला खटला लुटुपुटीचा होता, इथला खराखुरा. पण आरोपी बाईचे मौन कसे वापरायचे हे दोन्हीकडे सारखेच ठाऊक होते. दुसरीकडे, ज्यांनी आपण चेटूक केल्याचे कबूल केले अशा पन्नासहून अधिक जणांना जिवंत ठेवले गेले, कारण ते पुढची नावे सांगत होते. सॅम्युएल वॉर्डवेलने दिलेली कबुली मागे घेतली आणि तो फासावर गेला. खोटे बोलाल तर वाचाल, हे इतक्या उघडपणे सांगणारे न्यायालय विरळाच.

यावर पहिला आक्षेप असा: मुलींना नेमके काय झाले होते? राईच्या धान्यावरच्या बुरशीची विषबाधा, असे 1976 साली लिंडा कॅपोरेल यांनी सुचवले. कुणी उन्माद म्हणतात, कुणी सोंग, कुणी मेनच्या लढाईचा धसका. यातले काहीही खरे असो, त्याने झटक्यांचा खुलासा होतो, फाशीचा होत नाही. 1671 मध्ये ग्रॉटन गावी एलिझाबेथ नॅप नावाच्या सोळा वर्षांच्या मोलकरणीला असेच झटके आले होते. तिनेही शेजारणीचे नाव घेतले होते. घरधनी होता पाद्री सॅम्युएल विलर्ड. त्याने आठवडेच्या आठवडे बसून सगळे टिपले, पण त्या नावावर विश्वास ठेवला नाही. शेजारीण येऊन मुलीजवळ प्रार्थना करून गेली आणि आरोप मागे पडला. खटला झालाच नाही. खुद्द 1692 मध्ये कनेक्टिकटमधल्या स्टॅम्फर्डला केट ब्रँच या दासीने अर्धा डझन बायकांवर बोट ठेवले. तिथे एक निर्दोष सुटली, एकीला झालेली शिक्षा पुराव्याअभावी स्थगित झाली, फाशी कुणालाच नाही. झटके तिन्ही ठिकाणी आले, सैतानावर विश्वासही तिन्ही ठिकाणी होता. फरक पडला तो नाव ऐकून घेणाऱ्याने पुढे काय विचारले यामुळे.

थांबले तेही असेच थांबले. ऑक्टोबरमध्ये बोस्टनचे ज्येष्ठ पाद्री इन्क्रीज मॅदर यांनी एक निबंध पुढे आणला. चेटूक खोटे आहे असे ते म्हणालेच नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच, की सैतान निष्पाप माणसाचेही रूप घेऊ शकतो, म्हणून छायेच्या साक्षीवर कुणाचा जीव घेऊ नये. एक निरपराध मरण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले परवडले. त्याच महिन्यात गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी या खटल्यांसाठी नेमलेले खास न्यायालय मोडले. जानेवारी 1693 मध्ये नवे न्यायालय बसले, तेव्हा छायेच्या साक्षीला किंमत उरली नव्हती. पन्नासहून अधिक जणांत फक्त तिघे दोषी ठरले. स्टॉटन यांनी आधीचे धरून आठ जणांच्या फाशीचे हुकूम काढले, फिप्स यांनी ते रोखले. आता कुणी म्हणेल, आरोप गव्हर्नरच्या बायकोपर्यंत पोचल्यावर शहाणपण सुचले. तशी वदंता होती आणि ती खोटी मानायचे कारण नाही. मॅदर पिता-पुत्रांनी न्यायाधीशांची पाठराखण केली हेही खरे. आम्हाला त्यात दिलासा वाटतो: नियम बदलायला माणसे संत असावी लागत नाहीत.

गंभीर आक्षेप दुसराच आहे. मूळ दुखणे अंधश्रद्धा, ते सोडून पुराव्याच्या नियमांचे कौतुक कशाला? विश्वास टिकला तर नियम कधीही मोडेल. हे मान्य आहे. पण हिशेब वेळेचा आहे. चेटकाला गुन्हा मानणारा इंग्लंडमधला कायदा 1735 मध्ये रद्द झाला, म्हणजे सालेमनंतर 43 वर्षांनी. समाजाची समजूत बदलायला पिढ्या जातात; जिचे नाव घेतले गेले तिच्या हाती चार दिवस असतात. प्रबोधन चालू राहिलेच पाहिजे, फक्त ते पुरे होईपर्यंत त्या बाईचे काय, याचे उत्तर प्रबोधनाकडे नसते.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर ‘डाकीण’ हा शब्द अजून जिवंत आहे. भगत तांदळाचे दाणे पाहतो आणि नाव सांगतो. ते नाव बहुधा विधवेचे, एकटीचे, किंवा जिच्या जमिनीवर भावकीचा डोळा आहे तिचे निघते. करणी आणि भानामती हे शब्द तर शहरातही ऐकू येतात. फरक आहे, आणि तो मोठा आहे: सालेमचे न्यायालय शिकार करत होते, आपले न्यायालय शिकारीविरुद्ध उभे आहे. पण दाण्यांत दिसलेले नाव आणि मुलीला दिसलेली छाया यांची जात एकच, पाहणाऱ्याखेरीज ते कुणाला तपासता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. ते अनेक वर्षे ज्यासाठी झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. तो देवाधर्माविरुद्ध आहे असा ओरडा तेव्हा झाला. कायदा वाचला तर दिसते, की त्याने विश्वासाला हात लावलेला नाही. जोडलेल्या अनुसूचीत कृत्ये लिहिली आहेत. अमकी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते असे जाहीर करून तिचे जिणे हराम करणे हे त्यांतले एक. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड.

मॅसॅच्युसेट्सला चूक सावरायला किती काळ लागला तेही पाहण्याजोगे आहे. जानेवारी 1697 मध्ये न्यायाधीश सॅम्युएल सीवल बोस्टनच्या चर्चमध्ये आपल्या जागी उभे राहिले आणि त्यांचा माफीनामा पाद्र्याने वाचून दाखवला. तो पाद्री म्हणजे ग्रॉटनचाच सॅम्युएल विलर्ड. बारा ज्युरींनीही लेखी क्षमा मागितली. स्टॉटन यांनी कधीच मागितली नाही. दोषी ठरलेल्यांपैकी 22 जणांवरचा कलंक 1711 मध्ये पुसला गेला. एलिझाबेथ जॉन्सन हे नाव राहून गेले. ते 2022 मध्ये, एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी पाठपुरावा केला तेव्हा निर्दोष ठरले.

हा अंक दिवाळीच्या सुट्टीत गावोगावी वाचला जाईल, म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात, पाड्यावर, वस्तीत एखाद्या बाईचे नाव असे घेतले जात असेल तर वाट पाहू नका. या कायद्यात पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात जा, कायद्याचे नाव घेऊन तक्रार द्या, आणि तिच्यात दोन गोष्टी लिहून घ्यायला लावा: नाव सर्वांत आधी कोणी घेतले, आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिले.