पाऊस किती पडला यापेक्षा किती वेळात पडला?

मुंबईत पाणी तुंबलं की दरवर्षी एकच वाद रंगतो: नालेसफाई झाली की नाही? सफाई हवीच. पण स्वच्छ नालाही किती पाणी नेऊ शकतो, हा सवाल क्वचितच कुणी विचारतं.

शहरातले जुने नाले ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले आहेत, तेही समुद्राला ओहोटी असेल असं धरून. निम्मं पाणी जमिनीत मुरेल, असंही गृहीत होतं. म्हणजे चौरस मीटरमागे तासाला जेमतेम साडेबारा लिटर पाणी. आज कुर्ल्यात किंवा गोवंडीत पाणी मुरायला माती उरली कुठे?

१९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हा हिशेब बदलला: ताशी ५० मिलिमीटर, आणि काहीही मुरणार नाही असं धरून. म्हणजे साडेबाराचे थेट ५० लिटर, चौपट! पण कामं रेंगाळली. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यातला १९० एका तासात. त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिलिमीटरही नाही.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, दिवसाच्या बेरजेवरून नाला ठरत नाही. १०० मिलिमीटर दिवसभर रिमझिम पडला तर जुना नालाही निभावून नेतो, दोन तासांत कोसळला तर घरात पाणी. दोन, एका ठिकाणच्या मापावरून दुसऱ्या मोहल्ल्याचा अंदाज बांधता येत नाही.

म्हणून अभियंते स्थानिक नोंदींवरून पाऊस किती जोराचा, किती वेळ आणि किती वर्षांतून येतो याचं गणित मांडतात. ‘दहा वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पडला की दहा वर्षं सुटका, असा नाही. दरवर्षी दहा टक्के शक्यता, असा आहे. आणि नोंदी जुन्या असतील तर गणितही कमी पडतं: १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्याचं शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे.

१९० मिलिमीटर पेलणारा नाला गल्लोगल्ली बांधता येणार नाही, हे खरं. म्हणूनच हिंदमाता परिसरासाठी पाणी साठवणाऱ्या भूमिगत टाक्या बांधाव्या लागल्या. पण आपल्या वस्तीचा नाला कोणत्या आकड्यावर बांधलाय, हे कळण्याचा हक्क आपल्याला आहे.

तेव्हा पुढच्या वेळी नगरसेवक भेटले की तीन प्रश्न विचारा. आमचा नाला ताशी किती मिलिमीटर पावसासाठी आहे? त्यासाठी कुठल्या पर्जन्यमापकाची नोंद वापरली? ती कोणत्या सालापर्यंतची? तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. माहितीच्या अधिकारात लेखी मागा.